ट्रायलोबाइट खरा, डागडुजीचा की साच्यातला? विकत घेण्याआधी पारखायची रीत

माझ्या टेबलावर दोन ट्रायलोबाइट आहेत, म्हणजे कधीच नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म. दोन्ही मोरोक्कोचे, दोन्ही करड्या दगडावर बसलेले काळे जीव, दोन्ही तळहातावर मावणारे. पहिला मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला. त्याच्या काट्यांची रांग अखंड होती, कुठे चीर नव्हती, रंग डोक्यापासून शेपटापर्यंत एकसारखा होता. तो हातात आला तेव्हा मला फार आनंद झाला होता. दुसरा दोन वर्षांनी एका जुन्या संग्राहकाने दिला. त्याच्या पाठीवरून तिरका तडा गेलेला, एक डोळा झिजलेला, डाव्या गालाचा काटा तर नाहीच. दोन्ही शेजारी ठेवून दहापट भिंगातून पाहिले, तेव्हा पहिल्याच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके दिसली. ३९ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी गाडल्या गेलेल्या कवचात अशी भोके कशी येतील? ती रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारे प्लास्टिक, ओतताना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांची होती.

त्यानंतर मिळेल तो ट्रायलोबाइट मी उलटसुलट करून पाहत आलो आहे. या लेखातली रीत त्यातूनच बसली. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: प्राण्याकडे नंतर पाहा, आधी प्राणी आणि दगड जिथे भेटतात ती रेषा पाहा.

पारखण्यापुरती ओळख

ट्रायलोबाइट हे समुद्रात राहणारे संधिपाद प्राणी, म्हणजे खेकडे, विंचू, कीटक यांच्या मोठ्या कुळातले. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी ते दिसू लागतात आणि सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या शेवटी, कायमचे संपतात. वर्णन झालेल्या जातींची संख्या २० हजारांच्या वर आहे. मधला उंचवटा आणि दोन बाजूंचे दोन पट्टे असे शरीराचे तीन उभे भाग पडतात, त्यावरून हे नाव. आडवे पाहिले तर डोक्याचे कवच, सांध्यासांध्यांचे धड आणि शेपटाचे कवच.

पारखीला दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, त्यांचे पाठीवरचे कवच कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडक ज्याचा बनतो त्याच खनिजाचे असते. पाय आणि पोटाकडचा बराचसा भाग मऊ, त्यामुळे तो टिकणे फार दुर्मीळ. न्यूयॉर्क राज्यातल्या बीचर थरातल्या ट्रायआर्थ्रस या ट्रायलोबाइटचे पाय पायराइट या लोहाच्या खनिजात टिकले, पण असे साठे जगात मोजके आहेत. स्वस्त तुकड्यावर ठसठशीत पाय दिसले तर तिथेच थांबा. दुसरी, धडाच्या सांध्यांची, म्हणजे आडव्या खंडांची, संख्या गटागणिक ठरलेली असते. फॅकॉप्स आणि त्याच्या जवळच्या कुळांत ११, कॅलिमिनीत १३, असाफसमध्ये ८. कोरणाऱ्याला हे ठाऊक नसते किंवा तो मोजत बसत नाही. मी स्वतः फोटो पाहताना सर्वात आधी सांधे मोजतो. त्याला एक मिनिटही लागत नाही आणि कोरीव तुकडा बहुतेक वेळा तिथेच उघडा पडतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. दख्खनचा काळा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तोवर शेवटचा ट्रायलोबाइट मरून १८ कोटी वर्षे लोटली होती. ‘सह्याद्रीत सापडलेला ट्रायलोबाइट’ कुणी विकत असेल तर भिंग काढायचीही गरज नाही. भारतात ते स्पिती आणि काश्मीरच्या कॅम्ब्रियन, म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या, खडकांत मिळतात. तेही बहुधा दबलेले आणि तुटक असतात, काचेच्या कपाटात मिरवणाऱ्या काटेरी नमुन्यांसारखे नव्हे.

ते नमुने येतात कुठून

बाजारातले बहुतेक देखणे ट्रायलोबाइट मोरोक्कोच्या अँटी-अ‍ॅटलस डोंगररांगांतून येतात. एर्फूद, रिसानी, अल्निफ ही तिथली व्यापाराची गावे. डोंगरात माणसे चुनखडकाच्या एकाच थराच्या मागोमाग चर खणत जातात. हातोड्याने दगड फोडायचा आणि फुटलेल्या कडेवर कवचाच्या छेदाची बारीक काळी रेघ दिसते का ते पाहायचे. रेघ दिसली की दगडाचे दोन्ही-तिन्ही तुकडे जपून ठेवायचे, डिंक लावून पुन्हा जोडायचे, आणि मग कारागीर हवेच्या दाबावर चालणाऱ्या सुईने आणि बारीक भुकटीच्या फवाऱ्याने वरचा दगड कणाकणाने काढत बसतो. काटेरी जातीच्या एका चांगल्या नमुन्यामागे कित्येक दिवसांचे काम असते.

ही पद्धत कळली की खऱ्याची सर्वात मोठी खूणही कळते. दगड फोडल्याशिवाय ट्रायलोबाइट सापडत नाही, आणि दगड फुटताना प्राणीही बहुतेक वेळा फुटतो. म्हणून दगडातून येऊन प्राण्याच्या अंगावरून आरपार जाणारा आणि पलीकडे पुन्हा दगडात शिरणारा जोडलेला तडा ही खऱ्या नमुन्याची जन्मखूण आहे. नवा ग्राहक नेमका तोच तडा पाहून नाक मुरडतो आणि शेजारचा अखंड, गुळगुळीत, ओतीव तुकडा उचलतो. याचे मला फार वाईट वाटते, कारण उन्हातान्हात खणणाऱ्याच्या खऱ्या कामाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळत नाही.

खोटेपणाच्या तऱ्हा

‘खरा की खोटा’ असा प्रश्न पुरत नाही, कारण या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही घडते. एका टोकाला पूर्ण ओतीव तुकडे. खऱ्या नमुन्याचा साचा काढून त्यात रेझिन, किंवा गाडीच्या पत्र्याचा पोचा भरायला गॅरेजात वापरतात तसली लांबी, दगडाच्या भुकटीत कालवून ओतायची आणि तो तुकडा खऱ्या दगडावर चिकटवायचा. त्यानंतर कोरीव: दगडावरच आकार खोदून काळा रंग किंवा बुटाचे पॉलिश चोळलेले. त्यानंतर जोडकाम: डोके एकाचे, शेपूट दुसऱ्याचे. आणि मग सर्वात मोठा गट, डागडुजीचा. प्राणी खरा, पण काटे एपॉक्सीचे (दोन भाग कालवले की घट्ट होणाऱ्या डिंकाचे), किंवा डोळा घडवलेला, किंवा कवचाचा उडालेला टवका भरून रंगवलेला. या शेवटच्या गटात ५ टक्के भर घातलेला नमुनाही येतो आणि ६० टक्के नवा केलेलाही. पैसे देताना तुम्हाला खरे ठरवायचे असते ते हे प्रमाण.

पहिली पायरी: विक्रेत्याच्या फोटोंवरच

एकाच कोनातला, वरून घेतलेला, झगमगीत उजेडातला फोटो निरुपयोगी. तिरक्या उजेडातले, चारही बाजूंचे आणि दगडाच्या मागच्या बाजूचे फोटो मागा. मिळालेला फोटो इंटरनेटवरच्या उलट-शोधात, म्हणजे फोटोवरून तसेच फोटो शोधणाऱ्या सोयीत, टाकून पाहा. तोच तडा, तीच ढब, काट्याचा तोच वाकडेपणा दुसऱ्या विक्रेत्याकडच्या ‘वेगळ्या’ नमुन्यात दिसला, तर दोघांचा साचा एकच. निसर्गात दोन प्राणी सारखेच वाकून मरत नाहीत.

एकाच फरशीवर पाच-सहा प्राणी, सगळे एका मापाचे आणि सुबक मांडणीत बसलेले, हेही संशयाचे. समूहात पुरलेले ट्रायलोबाइट खरेच मिळतात, पण त्यांत लहानमोठे असतात, काही पालथे, काही एकमेकांवर चढलेले, कुणाची नुसती कात. प्राणी वाढताना कवच टाकत असे, म्हणून गालाचे तुकडे सुटून बाजूला पडलेला नमुना हा दोष समजू नका.

दुसरी पायरी: सीमारेषा

तुकडा हातात आला की या पायरीला सर्वाधिक वेळ द्या. दिवा एका बाजूला, टेबलालगत खाली ठेवा म्हणजे सावल्या लांब पडतील, आणि भिंग घेऊन प्राण्याच्या कडेने पूर्ण एक फेरी मारा.

खऱ्या नमुन्यात प्राणी दगडाच्या आत असतो. कारागिराने भोवतीचा दगड काढलेला असल्यामुळे प्राण्याभोवती खोलगट वाटी दिसते, वाटीत सुईचे बारीक टोचे किंवा फवाऱ्याने आलेला मऊ पोत असतो, आणि कवचाची कड हळूच दगडाखाली शिरताना दिसते. चिकटवलेला प्राणी दगडावर ठेवल्यासारखा बसतो. त्याच्या कडेने डिंकाचा चमकदार ओघळ दिसतो, किंवा भुकटी आणि डिंकाचा लेप थापलेला असतो. त्या लेपाचा रंग दगडासारखा साधलेला असला तरी कण जुळत नाहीत. दगडात फुटक्या शिंपल्यांचे, समुद्रकमळांच्या देठांचे तुकडे, कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरा असतील तर त्या प्राण्याजवळ येऊन अचानक थांबतात का हे बघा. थांबत असतील तर तो पट्टा नंतर भरलेला आहे.

आता तडे. दगडातला तडा प्राण्यापर्यंत येतो आणि प्राणी मात्र अखंड आहे, पलीकडे तडा पुन्हा सुरू होतो. अशा वेळी एक तर प्राणी वरून बसवला आहे, किंवा तड्यावर जाड रंग फासला आहे. दोन्ही शक्यतांसाठी विक्रेत्याला जाब विचारायला हवा.

तिसरी पायरी: डोळे

ट्रायलोबाइटचे डोळे हा मला या सगळ्यातला सर्वात सुंदर भाग वाटतो, आणि नकल करणाऱ्याला सर्वात जड जाणाराही. डोळ्याची भिंगेसुद्धा कॅल्साइटची, म्हणून ती कोट्यवधी वर्षे टिकली. फॅकॉप्सच्या गटात प्रत्येक भिंग सुटे, गोल, मण्यासारखे फुगीर असते आणि मधे बारीक भिंत असते. रांगा तिरक्या जातात आणि एका रांगेतले भिंग शेजारच्या रांगेतल्या दोन भिंगांच्या खाचेत बसते. कोरलेल्या डोळ्यात चाकूने आडव्या-तिरक्या रेघा मारलेल्या असतात, त्यामुळे मण्यांऐवजी शंकरपाळ्यांसारखे चौकोन उठतात. साच्यातल्या डोळ्यात मणी असतात, पण त्यांच्या कडा वितळल्यासारख्या बोथट, आणि मधूनच एखाद्या मण्याच्या जागी बुडबुड्याचे भोक.

मात्र ‘भिंगे दिसत नाहीत म्हणून खोटा’ असे म्हणू नका. बऱ्याच गटांत शेकडो-हजारो सूक्ष्म भिंगांवर एकच पातळ पापुद्रा असतो, आणि साध्या दहापट भिंगातून असा डोळा गुळगुळीतच दिसतो. काही जाती तर आंधळ्या होत्या. म्हणून जातीचे नाव कळले की तिचा डोळा कसा असायला हवा ते आधी संग्रहालयांच्या छायाचित्रांत पाहून घ्या.

चौथी पायरी: काटे

वॉलिसेरॉप्स या ट्रायलोबाइटच्या डोक्यापुढे त्रिशूळ असतो, अगदी त्रिशूळच. डायक्रॅन्युरसच्या डोक्यावर मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले काटे. असे नमुने खरे असतात, पण त्यांची सफाई इतकी कष्टाची असते की ते स्वस्तात मिळूच शकत नाहीत. कपड्याच्या एका जोडाच्या किमतीत डायक्रॅन्युरस मिळत असेल तर तो दगडातून निघालेला नाही.

महागड्या नमुन्यातही प्रत्येक काटा बुडापाशी तपासा. खरा काटा कवचातूनच वाढतो. जाडी बुडाकडून टोकाकडे हळूहळू कमी होते, पृष्ठभागावर कवचावर असतात तसेच दाणे असतात, आणि तो कुठे ना कुठे तुटून जोडलेला असतो. एपॉक्सीचा काटा सगळीकडे सारख्या जाडीचा, एमसीलच्या वळीसारखा गुळगुळीत, आणि बुडाशी कॉलर दिसते. दोन्ही बाजूंचे काटे आरशातल्यासारखे तंतोतंत असतील तर एक बाजू दुसरीवरून बनवलेली असू शकते.

विचित्र दिसते म्हणून खोटे, असेही मानू नका. वॉलिसेरॉप्सचा एक नमुना तीनऐवजी चार टोकांचा आहे. तो ह्यूस्टनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे, आणि तो विकृत त्रिशूळ घेऊनही प्राणी पूर्ण वाढला होता यावरून संशोधकांनी २०२३ मध्ये असे मांडले की त्रिशूळ खाण्यासाठी नसून आपसांतल्या झुंजीसाठी असावा. तो नमुना कुणी ‘चुकीचा’ म्हणून टाकून दिला असता किंवा चौथे टोक घासून ‘दुरुस्त’ केला असता तर केवढे नुकसान झाले असते!

पाचवी पायरी: यूव्ही टॉर्च, अ‍ॅसिटोन, सुई, वजन

यूव्ही म्हणजे अतिनील उजेडाची टॉर्च ३६५ नॅनोमीटरची घ्या. ३९५ ची स्वस्त मिळते, पण तिच्या जांभळ्या उजेडात सगळे बुडून जाते. खोली पूर्ण अंधारी करा आणि टॉर्च डोळ्यांवर मारू नका. डिंक आणि एपॉक्सी बहुधा निळसर-पांढरे चमकतात, आणि जोड, भर, बसवलेले काटे नकाशासारखे समोर येतात. कॅल्साइट स्वतःही कधी मंद चमकतो. म्हणून चमक आहे की नाही यापेक्षा तिची कड पाहा. ठळक कडेचे ठिगळ हे माणसाचे काम. काहीच चमकले नाही तर निर्धास्त होऊ नका, काही रंग आणि भर मुळीच चमकत नाहीत.

अ‍ॅसिटोन कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घेऊन आधी शेपटाच्या मागच्या, न दिसणाऱ्या जागी टेकवा. बोळा काळा झाला तर तो रंग आहे. पण इथे दमाने घ्या: नाजूक कवच घट्ट राहावे म्हणून प्रामाणिक कारागीरही पातळ रेझिन पाजतात आणि तेही अ‍ॅसिटोनमध्ये सुटते. तुकडा तुमचा झालेला नसेल तर मालकाची परवानगी घेतल्याशिवाय हे करू नये. मेणबत्तीवर तापवलेली सुई संशयित जागी पाठीमागून टेकवली तर प्लास्टिक मऊ पडून किंवा करपून जळका वास येतो, दगडावर काहीच होत नाही. ही परीक्षा खूण ठेवून जाते, म्हणून अगदी शेवटी. अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर मात्र कधीही नको. चुनखडक फसफसतो आणि कवचही, आणि चुनखडकाची भुकटी कालवून भरलेली लांबीही. कळत काही नाही, नमुना तेवढा खराब होतो.

दगडाशिवायचा सुटा ट्रायलोबाइट असेल तर घनता काढा. आधी कोरडा तोला, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोला. कोरडे वजन ५४ ग्रॅम आणि पाण्यात ३४ ग्रॅम भरले तर फरक २०, आणि ५४ भागिले २० म्हणजे २.७. कॅल्साइटची घनता एवढीच असते. निव्वळ रेझिन १.१ ते १.२ च्या आसपास येते. ही रीत कोरीव दगड पकडू शकत नाही, आणि जोडलेला किंवा शेलमधला (शेल म्हणजे चिखल दाबून झालेला पापुद्र्यांचा खडक) नमुना पाण्यात बुडवू नका.

कोणत्या नावाला किती सावध राहायचे

मोरोक्कोचा अ‍ॅकॅडोपॅराडॉक्साइड्स हा फूटभर लांबीचा कॅम्ब्रियन ट्रायलोबाइट सर्वाधिक ओतला जातो. खरा नमुना दबून चपटा झालेला, फरशीभर तड्यांचा असतो. पोट फुगलेला काळाकुळकुळीत दिसला तर सोडून द्या. गोट्यातून निघणारे मोरोक्कोचे फ्लेक्सिकॅलिमिनी बहुधा मुळात खरे, पण सांध्यांच्या खाचा टोकदार हत्याराने पुन्हा उकरून रंगवलेले असतात. खाचेच्या तळाशी ओरखडे शोधा. देवघरातला शाळिग्राम ज्यांनी पारखून घेतला आहे त्यांना ही नजर नवी नाही. गंडकीतल्या अ‍ॅमोनाइट या शंखासारख्या जीवाश्माचे वळसे आणि नंतर कोरलेले वळसे यांत फरक असाच करतात. रशियात सेंट पीटर्सबर्गजवळच्या खडकांतला असाफस कोवालेव्स्काय लांब देठांवरच्या डोळ्यांसाठी प्रसिद्ध. प्राणी सहसा खरा, देठ बऱ्याचदा नवे. तिथे यूव्ही टॉर्च देठाच्या बुडाशी मारा.

सुरुवात करणाऱ्याला मी नेहमी एल्राथिया किंगाय सुचवतो. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या शेलमधला हा दोन-तीन सेंटिमीटरचा काळा ट्रायलोबाइट इतक्या प्रचंड संख्येने मिळतो की त्याची नक्कल करून कुणाला फायदा नाही. सुटा नमुना शेलच्या तुकड्यावर चिकटवून विकतात, एवढेच तपासा. तो घ्या, महिनाभर भिंगाखाली न्याहाळा. खऱ्या कवचाचा पोत एकदा डोळ्यांत बसला की पुढची निम्मी पारख आपोआप होते.

विक्रेत्याला काय विचारायचे

डागडुजी हा गुन्हा नाही, ती लपवणे हा गुन्हा आहे. मोठ्या संग्रहालयांतल्या नमुन्यांतही भर घातलेली असते, पण तिची नोंद असते. म्हणून नम्रपणे पण लेखी विचारा: यातला किती भाग मूळ आहे? कोणते काटे नव्याने बसवले? सफाई चालू असतानाचे फोटो आहेत का? यूव्ही प्रकाशातला एक फोटो पाठवाल का? कोणता डोंगर, कोणता थर? ‘१०० टक्के अस्सल’ एवढेच उत्तर आले तर ते उत्तर नव्हे. प्रामाणिक विक्रेता ‘उजव्या गालाचा काटा आणि शेपटाचे टोक आम्ही केले आहे’ असे आपणहून सांगतो, आणि अशा माणसाकडून चार पैसे जास्त देऊन घ्यावे असे माझे मत आहे. आपल्याकडच्या जळगाव-नाशिकच्या झिओलाइट खनिजांचे व्यापारी टूसॉन, म्युनिक, सेंट-मारी-ओ-मीनच्या खनिज प्रदर्शनांना जातात. मोरोक्कोचे जीवाश्म विक्रेतेही तिथेच दुकान मांडतात. ओळखीत कुणी जाणारे असेल तर खरेदी तिथे, भिंग हातात घेऊन, करता येते.

मिळालेली सगळी उत्तरे एका चिठ्ठीवर उतरवून नमुन्यासोबत ठेवा: जात, ठिकाण, थर, कधी आणि कुणाकडून घेतला, काय भरलेले आहे. आणि हाती आलेला तुकडा ओतीव निघाला, पैसे परत मिळाले नाहीत, तरी तो गुपचूप पुढे विकू नका. माझ्या त्या पहिल्या ट्रायलोबाइटच्या पाठीमागे मी न पुसणाऱ्या शाईने ‘रेझिनची प्रतिकृती’ असे लिहून ठेवले आहे. शेजारची मुले आली की आधी तो त्यांच्या हातात देतो, मग तडा गेलेला दुसरा, आणि भिंग देऊन त्यांनाच भोके शोधायला सांगतो.